‘सुई मशीनच्या आतच असते ताई’: कोल्हापुरात वरचा कान टोचून घेताना झालेली फसवणूक

कानाची पाळी टोचणं वेगळं आणि कानाची वरची कड, म्हणजे बुगडी घालतात ती जागा टोचणं वेगळं. हा फरक माहीत असूनही जो गिऱ्हाइकापासून लपवतो, तो फसवतो. माझ्या बाबतीत तेच झालं. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, पण पद्धत सविस्तर लिहिते, कारण ती एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

आजेसासूबाईंची मोत्यांची बुगडी माझ्याकडे आली होती. जुन्या घडणीची, मळसूत्री फिरकीची. धाकट्या दिरांच्या लग्नात ती घालायची होती. सासूबाई म्हणाल्या, “चापाची करून घे, टोचायची कटकट नको.” पण त्यासाठी जुनी दांडी कापावी लागली असती आणि तेवढं माझ्या जिवावर आलं. म्हणून चौकशी करून, चांगला बोर्ड आणि चकचकीत काचेची केबिन असलेल्या एका दुकानात मैत्रिणीला घेऊन गेले.

जाताना विचारायचे प्रश्न ठरवून गेले होते आणि तिन्ही विचारले. सुईने टोचता की गनने? “सुईच ओ ताई, हे बघा,” म्हणत त्याने सीलबंद पाकीट ट्रेमध्ये ठेवलं. दागिना कशाचा? “टायटॅनियम. ऑपरेशनमध्ये हाडात घालतात ते.” बरं व्हायला किती दिवस? “दीड महिन्यात बुगडी घालून लग्नात मिरवा.” टोचणं आणि दागिना मिळून अठराशे रुपये ठरले.

मग मला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. कानाजवळ खट्‌ असा आवाज झाला आणि डोक्यात कळ गेली. मान वळवली तर ट्रेमधलं पाकीट तसंच बंद, आणि पांढरी प्लॅस्टिकची गन ड्रॉवरमध्ये चाललेली. मैत्रीण तिथेच म्हणाली, “अहो, सुई कुठं वापरली तुम्ही?” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “ही लेटेस्ट मशीन आहे, सुई मशीनच्या आतच असते ताई.”

हे धडधडीत खोटं आहे. या गनमध्ये सुई नसते. आत स्प्रिंग असते आणि ती स्प्रिंग दागिन्याचीच दांडी जोराने कानातून आरपार ढकलते. सुई पोकळ आणि धारदार असते, ती तेवढाच भाग स्वच्छ कापत जाते. दांडी त्या मानाने बोथट, त्यामुळे ती कापत नाही, चिरडत जाते. पाळीत हाड नाही, कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) नाही, रक्त भरपूर खेळतं, म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरच्या कडेत कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिला जे काही पोषण मिळतं, ते तिच्यावरच्या पातळ आवरणातून. त्या आवरणाला मार बसला किंवा त्याखाली पू साठला की खालची कूर्चा उपाशी पडते. म्हणूनच वरचा कान सुईने टोचला तरी पूर्ण बरा व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. दीड महिना हा पाळीचा हिशेब आहे आणि तो मला वरच्या कानासाठी सांगितला गेला.

शिवाय प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात घालता येत नाही, त्या वाफेत ती टिकणार नाही. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तिच्यावरून स्पिरिटचा बोळा फिरतो, एवढंच. त्याला निर्जंतुक करणं म्हणत नाहीत.

निघताना साडेतीनशे रुपयांची एक निळी बाटली हातात ठेवली. ‘इंपोर्टेड आफ्टरकेअर’. वर लेबल नाही, घटक नाहीत, तारीख नाही. माझ्यासमोरच एका मोठ्या कॅनमधून ती भरली होती. वास स्पिरिटसारखा. खरं तर अशा जखमेला लागतं ते साधं ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन, ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल यांनी नवी येणारी कातडी जळते. हळद-खोबरेल लावायचा सल्ला घरोघरी प्रेमाने दिला जातो, पण आरपार जखमेत तेही नको.

काही दिवसांत कान सुजला. दांडी आखूड होती, सूज यायला जागाच ठेवलेली नव्हती, त्यामुळे मागची फिरकी कातडीत रुतायला लागली. दुकानात फोन केला. “पू नाही तो, घाण बाहेर पडतीय. दाबून काढा. तुमच्या अंगात उष्णता आहे ताई.” परत गेले तर ‘स्ट्राँग’ म्हणून दुसरी बाटली विकली, पुन्हा पैसे घेऊन. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. गन वापरली, धातू खोटा दिला, हे पैशासाठी केलं असं एकवेळ म्हणता येईल. पण समोरच्या बाईचा कान लालभडक, गरम, हात लावू देत नाही एवढा ठणकतोय, हे डोळ्यांनी दिसत असताना तिला डॉक्टरकडे जा असं न सांगता बाटली विकायची?

आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या अँटिबायोटिकने फरक पडेना तेव्हा त्यांनीच लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. मॅडमनी कान बघितला आणि आधी पाळीला बोट लावलं. वरचा सगळा कान सुजून चकाकत होता, पाळी मात्र नेहमीच्या रंगाची. त्या म्हणाल्या, “पाळीत कूर्चा नाही, म्हणून ती सुटलीय. हा पेरिकाँड्रायटिस आहे.” म्हणजे कूर्चेवरच्या त्या आवरणाचा संसर्ग. दागिना काढला, छोटा छेद देऊन पू काढला आणि कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते तपासायला पाठवला. त्यात स्यूडोमोनास जंतू निघाला. हा पाण्यात, ओलसर जागी वाढणारा जंतू, आणि नेहमीच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. औषध बदललं तेव्हा कुठे कानाची सूज उतरायला लागली. पण कूर्चेचा थोडा भाग गेला तो गेलाच. कानाची कड तिथे आत वळली आहे. त्या कानाला बुगडी नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

नंतर वाचताना कळलं की अगदी असाच प्रकार २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात झाला होता. दागिन्यांच्या एका स्टॉलवर वरचे कान गनने टोचून घेतलेल्या अनेकांना हाच स्यूडोमोनास झाला, काहींना दवाखान्यात भरती व्हावं लागलं, काहींचे कान कायमचे वाकडे झाले. तपासात जंतुनाशकाच्या बाटलीतच तो जंतू सापडला, आणि २००४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. तिथेही बऱ्याच जणांना आधी दिलेली औषधं या जंतूवर चालणारी नव्हती. माझ्या कानात तो कुठून आला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण त्या निळ्या बाटल्या मी जपून ठेवल्या आहेत.

काढलेला दागिना घरी आणून फ्रिजच्या मॅग्नेटला लावला. चटकन चिकटला. टायटॅनियम चिकटत नाही. मात्र उलटं गृहीत धरू नका: बरंचसं चांगलं स्टीलही चिकटत नाही, तेव्हा चिकटलं नाही म्हणजे टायटॅनियम झालं असं नाही. दुकानदाराकडे मालाचं प्रमाणपत्र मागा, शरीरात बसवायच्या टायटॅनियमच्या प्रमाणपत्रावर ‘एएसटीएम एफ १३६’ असा दर्जाचा उल्लेख असतो. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्द कुणीही वापरतं, आणि त्यात निकेल असतं, ज्याची अनेकांना ॲलर्जी असते. सोन्याचं म्हणून देतील तर एक लक्षात ठेवा: दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि कानातली बारीक रिंग तेवढ्यातच बसते. कुणी ‘हॉलमार्कवाली’ म्हणत असेल तर दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, दाखवायला सांगा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथल्या तिथे तपासा.

मधे गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एका वयस्कर कारागिरांना सहज विचारलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोन्याच्या तारेने बाळांचे कान टोचतात. ते म्हणाले, “पाळी टोचतो पोरी. वरचं आता मी करत नाही, बिघडलं तर निस्तरणार कोण?” असं नाही म्हणणारा माणूस मला त्या काचेच्या केबिनपेक्षा कितीतरी मोठा वाटला.

दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला आणि बिल पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, ‘इमिटेशन ज्वेलरी, १ नग’. टोचल्याचा उल्लेख नाही, टायटॅनियमचा नाही, बाटल्यांचा तर नाहीच. पैसे देण्याआधी बिलावर कृती, धातू आणि सोबत दिलेलं औषध लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर तिथूनच उठा. माझ्या बाजूने यूपीआयच्या नोंदी, त्याचे मेसेज, कल्चरचा रिपोर्ट आणि मैत्रिणीचं म्हणणं आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

ज्यांनी नुकताच वरचा कान टोचून घेतला आहे त्यांच्यासाठी: कड लाल, गरम, ठणकणारी आणि पाळी मात्र साधी दिसत असेल तर दुकानात फोन करू नका, दाबू नका, आज संध्याकाळपर्यंत कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात जा. आणि आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलं, त्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.