सातारा सैनिक स्कूल की संभाजीनगरची एसपीआय?

एनडीएकडे, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे, जायचं ठरलेल्या मुलापुढे हे दोन रस्ते आहेत. साताऱ्याची शाळा १९६१ची, देशातली पहिली सैनिक स्कूल. प्रवेश सहावीत किंवा नववीत. सहावीचा पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे, आणि तो मराठीतून देता येतो. नववीचा मात्र फक्त इंग्रजीत असतो. मराठी माध्यमाची हुशार मुलं इथेच अडकतात. त्यांनी सहावीची संधी सोडू नये. वयाची अटही कडक आहे: ३१ मार्चला वय १० ते १२ हवं.

एसपीआय म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, १९७७पासूनची राज्य सरकारची संस्था, फक्त मुलांसाठी. मुलींची वेगळी नाशिकला आहे. दहावीनंतर लेखी परीक्षा, मग मुलाखत. इथे अकरावी-बारावीची दोनच वर्षं मिळतात, पण ती एनडीएचं गणित आणि मुलाखतीची तयारी यांवरच खर्ची पडतात.

दहा वर्षांच्या मुलाला वसतिगृह झेपणार नसेल तर आम्ही एसपीआयच सुचवू. पण दृष्टी आणि रंगांधळेपणा आधी तपासून घ्या. लेखी उत्तीर्ण झालेली मुलंही वैद्यकीय निकषांवर बाद होतात.