जुन्या जोडीला सेंटर स्पीकर घ्यायला गेलो आणि १६,३३० रुपयांना बुडालो

रक्कम आधी सांगतो, कारण गावात ती दर तोंडाला वेगळी ऐकू येत आहे. स्पीकरचे १४,५००, "पॅकिंग आणि विमा" म्हणून १,३५०, आणि पार्सल सोडवताना ट्रान्सपोर्टवाल्याला दिलेले ४८०. एकूण १६,३३० रुपये. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता. म्हणजे दोन क्विंटलांच्या वर कापूस गेला, तोही हमीभावाने विकला गेला असं धरलं तर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो त्या भावाने किती जणांचा जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

"सर, तुम्ही शिकलेले माणूस, तुम्ही कसे काय फसले?" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर देत नाही. इथे एकदाच देतो. जुन्या स्पीकरला जोड शोधणाऱ्या कुणालाही असंच गाठलं जाऊ शकतं, आणि फसवण्याचं सामान आपणच त्याच्या हाती देतो.

माझ्याकडे जेबीएलची नव्वदच्या दशकातली जोडी आहे. वणीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक साहेब नागपूरला राहायला गेले तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली. वूफरच्या, म्हणजे जड आवाज देणाऱ्या शंकूच्या, कडेचा फोम कुजून गळाला होता, तो नागपुरात नवीन बसवून घेतला. बारीक आवाज देणारा टायटॅनियमचा ट्विटर अजून ठणठणीत आहे. गाण्यांना ही जोडी पुरून उरते. अडचण सिनेमाची. आमचा हॉल लांबट आहे, आई कोपऱ्यातल्या दिवाणावर बसते आणि तिला संवाद कळत नाहीत. बरोबर मधोमध बसलं तर दोन स्पीकरांतूनही आवाज पडद्यातून आल्यासारखा वाटतो, पण बाजूला सरकलं की तो जवळच्या स्पीकरात जाऊन बसतो. त्यासाठी सेंटर, म्हणजे पडद्याखाली मधोमध ठेवायचा तिसरा स्पीकर, हवा होता. चैन म्हणून नाही.

सेंटर कोणताही चालत नाही. ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी केलेल्या, सिनेमात बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात. पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलं तर त्याचा आवाज मध्येच दुसऱ्या माणसाचा व्हायला नको. ट्विटरचा घुमट टायटॅनियमचा असेल तर टोकदार वाजतो, रेशमी असेल तर मऊ. दोघांची मोट बांधली तर कान लगेच पकडतो. म्हणून त्याच कंपनीचा, त्याच काळातला, जमलं तर त्याच मालिकेचा सेंटर शोधायचा. हे मला माहीत होतं. अज्ञानातून मी फसलो नाही, हे लिहून ठेवतो.

जुन्या मालाच्या जाहिरातीत हा विकणारा माणूस सापडला. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात "सर". त्याने पहिल्याच फोनवर विचारलं, "सर, तुमची जोडी कोणती आहे? मागच्या लेबलचा फोटो पाठवा, म्हणजे मी चुकीचा माल देणार नाही." किती जबाबदार वाटतं ऐकायला! मी दोन्ही स्पीकरांचे फोटो पाठवले. समोरून, मागून, लेबल जवळून, ट्विटर जवळून. ओहम (विजेला होणारा अडथळा), डीबी (किती मोठा वाजतो ते), सगळं त्यात होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन, "सर, नशीब तुमचं. त्याच मालिकेचा सेंटर आहे माझ्याकडे. टायटॅनियम, ८ ओहम, ९० डीबी." आणि लेबलचा फोटो.

त्या फोटोवर माझं रक्त अजून उकळतं. त्यावरचा अनुक्रमांक माझ्या उजव्या स्पीकरचा होता. आकडा न् आकडा तोच. पैसे भरायच्या आधी तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, मी तो मोठा करून पाहिला होता, ओहम वाचले, डीबी वाचले, आणि त्याच्या खालची ओळ वाचली नाही. स्वतःच्या स्पीकरचा नंबर कुणाला पाठ असतो? स्पीकर भिंतीला पाठ लावून उभा असतो, त्याच्या मागे वर्षानुवर्षं कुणी डोकावत नाही. तरी दोन्ही फोटो एकाच चॅटमध्ये होते. बोटाने जरा वर सरकवलं असतं तर दिसलं असतं. रात्री झोप मोडते ती याच जागी.

दुसरी खूण स्पीकरच्या तोंडावरच्या कापडी जाळीची. मी म्हटलं, जाळी काढून ट्विटर दाखवा. तो म्हणाला, "कंपनी फिटिंग आहे सर, चिकटवलेली. ओढली तर कापड फाटेल, मग तुम्हीच नको म्हणाल." माझ्या जोडीची जाळी खुंट्यांवर बसते, हाताने निघते. त्याच मालिकेच्या सेंटरची चिकटवलेली कशी? मी विचारलंही. त्याच्याकडे उत्तर तयार होतं: सेंटर टीव्हीखाली ठेवतात, लहान मुलं बोटं घालतात, म्हणून. आता हे खोटं वाटतं. तेव्हा मला शाळेतली मुलं आठवली आणि पटलं.

जाळी निघत नाही म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. कारण काहीही सांगो.

व्हिडिओ कॉलवर त्याने सिनेमा लावून दाखवला. "बघा सर, आवाज मधूनच येतोय." येणारच. शेजारचे दोन स्पीकर चालू होते, आणि दोन्हींतून सारखा आवाज आला की तो मधूनच आल्यासारखा वाटतो, मध्ये रिकामं खोकं ठेवलं तरी. सेंटर वाजवून दाखवायचा तर बाकीच्यांच्या वायरी काढायला लावा. वायर काढलेली कॅमेऱ्यात दिसली पाहिजे.

वजनही मी विचारलं होतं. त्याने काट्यावर ठेवून दाखवलं, भारदस्त भरलं. पार्सल आल्यावर कारण कळलं. खोक्याच्या तळाला शहाबादी फरशीचा तुकडा गोंदाने चिकटवलेला होता. जड आवाज आला की तो थरथरतो. जाळी? स्क्रू ड्रायव्हर घातल्यावर एका झटक्यात निघाली. आत गाडीत लावतात तसले दोन हलके कागदी वूफर, आणि ट्विटरच्या जागी चंदेरी रंग दिलेला पिझो, म्हणजे स्वस्तातली चकती. जड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरच्या नावाने एक कपॅसिटर. ओहम मोजायचा मीटर लावला तर ३.४ ओहम. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ३.४ म्हणजे सरळ ४ ओहमचा माल. आवाज वाढवला की रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र) स्वतःला वाचवायला बंद पडायचा. त्यातलं काही जळलं असतं तर ते कोण भरून देणार होतं?

अजून एक पुरावा घरातच मिळाला. नळीच्या टीव्हीच्या काळातले सेंटर टीव्हीला चिकटून ठेवायचे म्हणून त्यांच्या चुंबकाला आवरण असायचं, नाहीतर चित्राचे रंग बिघडायचे. लेबलवर तसं छापलेलं होतं. माळ्यावरचा जुना टीव्ही उतरवून हे खोकं त्याच्याजवळ नेलं, तर पडद्याचा कोपरा हिरवा-जांभळा झाला. ज्यांच्याकडे जुना टीव्ही चालू आहे त्यांनी तो फेकू नये.

टोनची परीक्षा सोपी आहे. रिसीव्हरमध्ये टेस्ट टोन असतो, पावसासारखी सरसर. ती डावीकडून मध्ये, मधून उजवीकडे फिरते. तिन्ही ठिकाणी एकच पाऊस ऐकू आला तर जमलं. माझ्याकडे मध्ये पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजलं. सेंटरची पातळी वाढवून आवाज मोठा होतो, जात बदलत नाही.

फोन केला तर आधी "ट्रान्सपोर्टमध्ये बदललं असेल सर". मग "पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका". तो मी केला नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं मला कळतं. त्यानंतर नंबर बंद.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेलो त्यांच्याबद्दल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पण तिथे लवकर फोन गेला तरच पैसे समोरच्या खात्यात अडवता येतात. म्हणूनच हे लोक काहीतरी वस्तू पाठवतात! पार्सल ट्रान्सपोर्टने रखडत यायला लागतं, आपण वाट पाहत बसतो, तोवर खातं रिकामं. काहीच पाठवलं नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी ओरडलो असतो.

बँकेत गेलो. काचेमागच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत आहे." अर्ज घेतला, पोच द्यायला नकार. पोच का नाही, तर शिक्का आत आहे. आत म्हणजे चार पावलांवर.

ठाण्यात तर कहर. आधी "साहेब बंदोबस्ताले गेले". मग "हे जिल्ह्याच्या ठिकाणी सायबरले जाऊन द्या". जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणाले, "तुमच्या हद्दीत द्या." परत आलो तर हवालदार म्हणतो, "सर, तुमाले वस्तू भेटली ना? मंग फसवणूक कायची? हा दिवाणी मामला आहे." मी दोन्ही लेबलं दाखवली, सारखा नंबर दाखवला. त्यावर उत्तर काय, तर "नंबर सारखा आहे म्हणजे कंपनी एकच झाली, मंग तक्रार काय?" माझ्या घरातल्या स्पीकरचा नंबर छापून मलाच विकला, हे मी त्यांना तीन तऱ्हांनी समजावलं. शेजारच्या बाकावरचा माणूस समजला. ते समजले नाहीत, की समजून घ्यायचंच नव्हतं. वर सल्ला: "एवढे पैसे स्पीकरात कायले घालता?" मी माझे पैसे कशात घालतो हा प्रश्न चोराला विचारायचा की मला?

लबाडीने माल किंवा पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ च्या पोटकलम ४ प्रमाणे गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते. मी ती नोंदणी करून पोस्टाने पाठवली आहे, पोचपावतीसकट. ठाण्यात कलम तोंडी सांगत बसू नका, कागदावर लिहून न्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही मागा. विकणारा दुकानदार असेल आणि बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझ्याकडे बिल नव्हतं. जुन्या मालाला बिल कोण देतं?

आणि घ्यायचंच असेल तर. आपल्या लेबलचा फोटो कुणालाही पाठवू नका. आधी त्याच्या मालाचा मागा, आजच्या वर्तमानपत्रासोबत काढलेला. "कोणती मालिका?" याचं उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे. नागपूरला, अमरावतीला जाऊन ऐकता येत असेल तर एसटीचं भाडं खर्च करा. मीटर सोबत न्या. जोडीचा सेंटर मिळतच नसेल तर तुमच्याच मॉडेलची आणखी एक जोडी बघा. तिसरा तसाच स्पीकर मध्ये ठेवला तर त्याच्याहून चांगला सेंटर नाही, आणि चौथा सुट्या भागांना कामी येतो. तोवर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये "सेंटर नाही" असं ठेवा, संवाद दोन्ही स्पीकरांत वाटले जातात. आईचा दिवाण मी मधोमध सरकवला आहे.

त्या माणसाची जाहिरात दुसऱ्या नावाने अजून चालू आहे. पडदा तोच, टेबल तेच, भाव आता १५,५००. ठाण्यात दाखवली तर म्हणाले, स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाळी चिकटवलेला सेंटर तुम्हालाही कुणी पाठवला असेल तर खोकं फेकू नका, बिल्टी जपा, चॅट पुसू नका, आणि त्याच्या लेबलवरचा अनुक्रमांक आपल्या जोडीच्या मागे जाऊन ताडून पाहा. जुळला तर तुमच्या ठाण्यात तक्रार द्या आणि पोचेची प्रत जपून ठेवा. एकट्या माझ्या कागदाला ते हलणार नाहीत, दहा जणांच्या कागदांना कदाचित हलतील.