किलियनचं इंटॉक्सिकेटेड: उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं वापरून झाल्यावर (आणि बरंचसं जायफळाबद्दल)

किलियन ब्रँडच्या या परफ्यूमचा माझा डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून विकलेला भाग) तळाला आलाय, पुढचा घ्यायचा का हे ठरवायचंय, म्हणून लिहून टाकते. नोट्स, म्हणजे त्यातले वेगवेगळे वास, सगळ्यांना पाठ आहेत, वेलची, कॉफी, जायफळ, दालचिनी, २०१४ चं, परफ्यूमर कॅलिस बेकरबाईंनी केलेलं, त्यात परत शिरत नाही. मला बोलायचंय ते जायफळावर. जो तो याला टर्किश कॉफी म्हणतो, पण कॉफीत जायफळ किसून घालणारी माणसं आपण आहोत की! दुधाची कॉफी, साखर जरा जास्त, वरून जायफळ, कोणाकडे वेलचीपण. हा वास माहीत असलेल्या नाकाला हे परफ्यूम वेगळंच लागतं.

मारल्या मारल्या नुसती वेलची. हिरवी, सोललेली, आणि चक्क गार. निलगिरीच्या तेलात जे सिनिओल असतं ते वेलचीच्या तेलातही असतं, तो गारवा तिथला. पंधरा-वीस मिनिटांत ती मागे सरते आणि कॉफी येते, पण डबा उघडल्यावर येते तशी भाजलेली कडक कॉफी शोधाल तर नाही मिळणार. त्या वासात फरफ्युरिल थायॉलसारख्या गंधकवाल्या संयुगांचा मोठा हात असतो आणि ती टिकत नाहीत, दळलेली कॉफी उघडी ठेवली की वास जातो तो त्यामुळेच. मग कातडीवर तासन्‌तास कॉफी भासवायची तर मसाला आणि जळक्या साखरेचा आधार घ्यावा लागतो, आणि इथे तो आधार इतका नेमका घेतलाय की मला बेकरबाईंचं खरंच कौतुक वाटतं. कारण कॉफीचा कडूपणा ओसरतो तेव्हाच जायफळ वर येतं, कोरडं, लाकडी, किंचित तिखट, आणि गोडाला आवरून धरतं. आईला मनगट हुंगायला दिलं, काही न सांगता, तर म्हणाली "कॉफी केलीस का गं? जायफळ जास्त पडलंय." बस्स, अजून काय पाहिजे.

आता ऋतूंचं. मी हे वापरायला लागले एप्रिलात, पुण्यात, आणि तेव्हाचं मत अगदी वाईट होतं. उन्हात मसाला अर्ध्या तासात उडून जायचा आणि मागे नुसता चिकट कॅरॅमल, ऑफिसच्या एसीत जाईपर्यंत मलाच नको व्हायचं. कपाटात आत ठेवून दिलं, विकायचाही विचार केला. जुलैत पाऊस लागला, हवा गार झाली, सहज म्हणून एक स्प्रे मारला तर हे दुसरंच काहीतरी! वेलची रेंगाळली, जायफळ दुपारपर्यंत कळत होतं. डिसेंबरात तर अजून छान, लांबवर फार पसरत नाही पण जवळ आलेल्या माणसाला नक्की कळतं, आणि मला तेवढंच हवं असतं. म्हणजे एप्रिलातलं माझं मत एप्रिलापुरतं धरा.

माझी कातडी कोरडी आहे, नुसतं मारलं तर चार तासांत संपतं, आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा अगदी पातळ व्हॅसलिन लावलं तर सहा-सात तास सहज. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, निदान माझ्याकडे त्याने सुरुवातीची वेलची लवकर मरते. ओढणीवर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं पण तिथे गोडच राहतं, मसाला खुलायला अंगाची ऊब लागते, त्यामुळे कपड्यावर मारून वाया घालवू नका. कुर्त्याच्या आत छातीवर एक स्प्रे, बास, या भावाला दोन मारवत नाहीत.

आणि भावाचंच निघालंय तर. मध्ये दुसऱ्या एका विक्रेत्याकडून अजून एक छोटा डिकँट मागवला, प्लॅस्टिकच्या बाटलीत आला, तोंडाशी साधी टेप नाही, निम्मा पाकिटातच सांडलेला. फोटो पाठवले तर म्हणे प्रवासात होतं असं, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ नाही तर पैसे नाहीत. मिलीमिलीचे पैसे मोजतो आपण, निम्मा माल जातो आणि वर हे उत्तर! फार संताप झाला आणि अजून आहे. उरलेला वापरला तर वेलची जवळजवळ गायबच, उघडं राहिलं की हलक्या नोट्स आधी जातात हे इतकं स्पष्ट त्याआधी कधी दिसलं नव्हतं. आता काचेचा अ‍ॅटमायझर, टेप लावलेला, नाही तर ऑर्डरच नाही.

ज्यांना गोड अजिबात नको त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. कॉफीसोबत डांबरट, पचौलीवालं (मातकट वासाचं) काही हवं असेल तर म्यूग्लरचं १९९६ चं एमेन बघा, गोड तेही आहेच पण दांडगं आहे, जायफळाची ही नजाकत त्यात नाही. ५० मिलीची पूर्ण बाटली मी घेणार नाही, वर्षातले चार महिने पडून राहणाऱ्या वस्तूत तेवढे पैसे घालायला जीव होत नाही. १० मिलीचा डिकँट घेईन, तोही जूनच्या शेवटी, म्हणजे पहिल्या पावसापासून वापरता येईल.