1 टीबीचा पेन ड्राइव्ह, 8 जीबीची गाणी

चारशे-पाचशे रुपयांत 1 टीबीचा पेन ड्राइव्ह, तोही हरिपाठ, भारुडं, भीमगीतं, कव्वाल्या भरून. आठवडी बाजारात, यात्रांत, बसस्टँडसमोरच्या टेबलांवर आणि फोनवरच्या जाहिरातींत हा माल मराठवाड्यात सर्रास खपतोय. 1 टीबी म्हणजे हजार जीबी, पण आत चिप असते बहुधा 4, 8 किंवा 16 जीबीची. कंट्रोलरचं, म्हणजे चिपचा कारभार बघणाऱ्या भागाचं, प्रोग्रॅमिंग बदलून ती स्वतःला 1 टीबी म्हणवून घेते, आणि कॉम्प्युटर तिच्यावर विश्वास ठेवतो.

फसवणूक लगेच कळत नाही, याचं कारण असं. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते. तो भाग खरा असतो, म्हणून गाण्यांची नावं आणि साइज सगळं नीट दिसतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही, तरी कॉपी पूर्ण झाल्याचं दाखवलं जातं. सातबाऱ्यावर नाव आहे, शिवारात जमीनच नाही, असा हा प्रकार. काही कंट्रोलर याहून वाईट: जागा संपली की ते पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतात. मग जुनी गाणी पुसली जातात, कधी यादीच उडते आणि ड्राइव्ह 'फॉरमॅट करा' म्हणून अडून बसतो.

हिशेब करून बघा. 320 केबीपीएसचं (सेकंदाला 320 किलोबिट) चार मिनिटांचं गाणं साधारण 9.6 एमबीचं. 8 जीबीत अशी आठशेच्या आसपास मावतात. दोन तासांचं कीर्तन 128 केबीपीएसला सुमारे 115 एमबी, म्हणजे सत्तरच्या आत-बाहेर. तोवर सगळं सुरळीत वाजतं. त्यापुढे ट्रॅक्टरचा प्लेयर 0:00 दाखवत एकामागून एक गाणी सोडत पळतो, आणि दोष प्लेयरला लागतो.

तपासणी विंडोजवर 'एच2टेस्टडब्ल्यू' (H2testw) या फुकट प्रोग्रॅमने करावी. ड्राइव्हवरचं काही हवं असेल तर आधी दुसरीकडे काढून ठेवा आणि ड्राइव्ह पूर्ण रिकामा करा. सुरुवातीला भाषा इंग्लिश निवडा, टार्गेट म्हणून तोच ड्राइव्ह द्या, 'ऑल अव्हेलेबल स्पेस' ठेवा आणि 'राइट + व्हेरिफाय' दाबा. सेकंदाला 10 एमबी वेग धरला तर 64 जीबीच्या लिहिण्यालाच पावणेदोन तास लागतात. पडताळणीचा वेळ वेगळा. माल अस्सल असेल तर शेवटी चूक न सापडल्याचा संदेश येतो, नकली असेल तर किती डेटा हरवला ते लाल अक्षरांत. तपासणीत तयार झालेल्या .एच2डब्ल्यू (.h2w) फाइली नंतर पुसून टाका. लिनक्स आणि मॅकवर हेच काम 'एफ3' (F3) हा प्रोग्रॅम करतो.

मेमरी कार्डाचीही हीच गत. कॉम्प्युटर नसेल तर कार्ड फोनमधून काठोकाठ भरा, काढून पुन्हा घाला, आणि सर्वांत शेवटी टाकलेली गाणी शेवटपर्यंत ऐका. काढून घालणं टाळू नका; नाहीतर नुकतीच टाकलेली फाइल फोन आपल्या मेमरीतूनच वाजवतो आणि कार्डाची परीक्षा होतच नाही. 32 जीबीच्या कार्डावर 29 जीबीच्या आसपास दिसणं मात्र फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

तक्रार घेऊन गेलं की दुकानदाराचं ठरलेलं वाक्य: "काका, मशीन जुनी झाली तुमची, नवी घ्या." यात तथ्य कधी असतं तेही माहीत असू द्या. 64 जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत) येतात, आणि बरेच स्वस्त किंवा जुने प्लेयर फक्त फॅट32 ही जुनी पद्धत वाचतात. तेव्हा 'नो फाइल' येतं आणि एकही गाणं वाजत नाही. पहिली काही शे वाजली आणि पुढची नाही, तर बिघाड मशीनमध्ये शोधत बसू नका. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी 32 जीबीच्या वर फॅट32 चा पर्याय देत नाही. त्यासाठी 'रुफस' (Rufus) हा प्रोग्रॅम वापरता येतो. साध्या प्लेयरसाठी सरळ 32 जीबीचं कार्ड घेतलेलं बरं, कटकटच नको.

पक्क्या बिलावर ब्रँड आणि क्षमता लिहून घ्या. ऑनलाइन माल आला तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि तपासणीच्या निकालाचा फोटो ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. विक्रेता दिल्लीचा असला तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे परभणीकराला परभणीतच, दोन वर्षांच्या आत करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यात्रेतल्या टेबलवाल्याचा मात्र दुसऱ्या दिवशी पत्ताच नसतो, तिथे कायदा काय करणार!

उडालेली गाणी 'रिकव्हर करून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणारेही भेटतील. जे चिपवर लिहिलंच गेलं नाही, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.