स्टीलची उथळ ताटली मस्त, जोडबाऊल अजिबात घेऊ नका

मांजरासाठी बाऊल शोधायला लागलं की आधी तो जोडबाऊलच समोर येतो, म्हणजे एकाच प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एका खळग्यात खाणं आणि शेजारच्या खळग्यात पाणी. दिसायला गोंडस आहे, पण मांजराच्या दृष्टीने त्यात काहीच धड नाही. खाताना दाणे उडून पाण्यात पडतात, ते फुगतात, पाण्याला वास येतो आणि मग मांजर ते पाणी नुसतं हुंगून निघून जातं. आमच्याकडे एक बोका आणि एक मांजरी आहे, दोघांनीही तेच केलं.

म्हणून आता स्टीलच्या उथळ ताटल्या वापरतोय, खाली रबराची रिंग असलेल्या, आणि मला त्या मनापासून आवडल्यात. काठ अगदी बुटका आहे त्यामुळे मिशा कुठे घासत नाहीत. खोल वाटीत मांजर मधलं मधलं खातं आणि कडेचं तसंच ठेवतं नाहीतर पंजाने बाहेर ओढून जमिनीवर खातं, तो प्रकार ताटलीत जवळजवळ बंद झाला. खोल बाऊलमुळे मिशांना त्रास होऊन मांजर जेवणच सोडतं वगैरे जाहिरातीत म्हणतात ते मला जरा जास्तच वाटतं, यावर अभ्यास झालाय त्यात पसरट ताटली दिली म्हणून मांजरांनी जास्त खाल्लं असं काही दिसलं नाही, पण दोन्ही समोर ठेवल्यावर बऱ्याच मांजरांनी पसरटच निवडली. मला तेवढं पुरेसं आहे.

स्टीलच का, तर प्लास्टिकला बारीक चरे पडतात आणि त्यात तेलकटपणा आणि जंतू बसतात, कितीही घासा. हनुवटीवर काळे काळे दाणे येतात ना मांजरांच्या, त्यात व्हेट बहुतेक वेळा पहिल्यांदा प्लास्टिकचा बाऊल बदलायलाच सांगतात. सिरॅमिकही छान, जड असतं, सरकत नाही, फक्त त्यावरचा चकचकीत थर, म्हणजे ग्लेझ, खाण्याच्या भांड्यांसाठीचंच असलं पाहिजे आणि टवका उडाला की टाकून द्यायचं. ताटलीची एकच तक्रार, पातळ वेट फूड, म्हणजे ओलं तयार खाणं, असेल तर ते काठावरून बाहेर येतं. आणि रबराची रिंग दर वेळी काढून धुवा, तिच्याखाली घाण साचते.

आता पाणी, कारण खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. मांजराला किलोमागे साधारण 50 मिली पाणी दिवसाला लागतं, म्हणजे 4 किलोच्या मांजराला 200 च्या आसपास, त्यात खाण्यातलं पाणीही आलं. वेट फूडमध्ये 70-80 टक्के पाणीच असतं आणि ड्राय फूडमध्ये जेमतेम 10, त्यामुळे दाण्यांवर असलेल्या मांजराला पिऊनच भरून काढावं लागतं आणि ही जात मुळात कोरड्या भागातल्या रानमांजरापासून आलेली, तहान लागली तरी धावत पाण्याकडे जाणारी नाही. कमी पाण्याने लघवी घट्ट होते, आणि बोक्यांना लघवी अडकण्याचा धोका असतो, ती तर थेट इमर्जन्सी. म्हणून पाण्याचा वाडगा रुंद घ्या, काठोकाठ भरा, आणि खाण्यापासून लांब ठेवा. आम्ही एक हॉलमध्ये आणि एक बेडरूमच्या दारापाशी ठेवलाय, लिटर बॉक्सच्या जवळ तर चुकूनही नाही, आपण तरी संडासाशेजारी बसून जेवू का. जितकी मांजरं त्यापेक्षा एक वाडगा जास्त, असा हिशोब ठेवलेला बरा.

ताटली कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवू नका प्लीज. खाताना मांजराला मागून कोण येतंय ते दिसलं पाहिजे, नाहीतर घाईघाईने गिळतं आणि ओकतं. भिंतीपासून थोडी पुढे ओढा म्हणजे पाठ भिंतीकडे करून बसता येईल. दोन मांजरं असतील तर दोघांच्या ताटल्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा, शेजारी शेजारी खातात म्हणजे त्यांचं जमतंय असं नसतं हो, बऱ्याचदा एक जण दबकून खात असतो. म्हातारं मांजर असेल, सांधे दुखत असतील, तर थोडा उंच स्टँड घ्या, तरुण मांजराला काही गरज नाही.

मांजरांसाठी पंपाने पाणी वाहतं ठेवणारं कारंजं मिळतं, त्याबद्दल बरेच जण विचारतात. काही मांजरांना वाहतं पाणी खरंच आवडतं, आमची मांजरी त्यातलीच, बोका ढुंकूनही बघत नाही. पण पंप उघडून आतून धुवायची तयारी असेल तरच घ्या, आतमध्ये बुळबुळीत थर धरतो. तेवढा वेळ नसेल तर रोज धुतलेला साधा वाडगा त्याहून चांगला.