महाल की बेसा? घर ठरवण्याआधी शेजाराचा विचार

नागपुरात घर बदलू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे बहुधा दोन वाटा असतात: महाल-इतवारीच्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या ओळीतले, म्हणजे गल्लीतले, घर, किंवा दक्षिणेकडे बेसा परिसरातील एखाद्या स्कीममधला, म्हणजे बिल्डरच्या गृहप्रकल्पातला, फ्लॅट. किंमत, चौरस फूट आणि पार्किंग यांचा हिशेब दलालही मांडून देतो. शेजाऱ्यांशी आपला व्यवहार कोणत्या रीतीने चालणार, हा विचार मात्र विक्रीपत्रावर सही झाल्यानंतर सुरू होतो, आणि माझ्या मते या दोन वस्त्यांतला खरा फरक तोच आहे.

महालात मतभेद समोरासमोर होतात. नाली तुंबली किंवा कुणाची गाडी बोळ अडवून उभी राहिली, की चार माणसे जमतात, आवाज चढतात, आणि पुन्हा त्याच बोळातून जायचे असल्यामुळे भांडण फार ताणता येत नाही. नापसंती रस्त्यावर मांडण्याची येथील सवय जुनी आहे. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या मारबतीची, म्हणजे वाईटाचे प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्याची, परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची मानली जाते, आणि त्यांच्यासोबतच्या बडग्यांतून, म्हणजे उपहासात्मक पुतळ्यांतून, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांचा समाचार घेतला जातो. या मोकळेपणाची किंमतही मोजावी लागते: घरी कोण आले, किती वाजता आले, याची नोंद अख्खी ओळ ठेवते, आणि ओट्यावरच्या चर्चेत वडीलधाऱ्या पुरुषांचाच आवाज मोठा असतो, नव्याने आलेल्या भाडेकरूला किंवा सुनेला तिथे सहसा कुणी विचारत नाही.

बेसा परिसरातील फ्लॅटमध्ये हीच चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. ज्या स्त्रीला ओट्यावर बोलता आले नसते, ती येथे लिफ्ट बंद असल्याची तक्रार फोटोसह टाकू शकते आणि तिची लेखी नोंद राहते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र समोर माणूस नसल्यामुळे भाषा लवकर घसरते. उन्हाळ्यात बोअर आटते, त्याच वेळी घरोघरी कूलरला पाणी लागते, टँकर बोलवावा लागतो आणि त्याचा खर्च कोणी किती द्यायचा यावर रात्री उशिरापर्यंत संदेश येत राहतात. ग्रुपवर अंगठे उमटले म्हणजे ठराव झाला, असा समज सर्रास दिसतो. कायद्याने रीतसर सभा आणि तिचे इतिवृत्तच लागते. शिवाय इमारत 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात विभागला जातो, त्यामुळे मोठ्या फ्लॅटला अधिक भरावे लागते. सहकारी संस्थेत सेवाशुल्क साधारणतः सर्वांना सारखे असते. इमारतीची ही व्यवस्था नोंदवणारा दस्त, म्हणजे डिक्लरेशन डीड, न वाचता फ्लॅट घेणाऱ्यांची भांडणे बहुधा येथूनच सुरू होतात.

कागदपत्रांचे धोकेही वेगळे आहेत. महालातील घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे नगर भूमापनाच्या मालकी नोंदीवर, चुलत भावंडांची अनेक नावे असू शकतात, आणि आत जुना भाडेकरू असेल तर 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आडवा येतो. नव्या वस्तीत एनए (अकृषिक परवानगी), टीपी (नगररचना मंजुरी), आरएल (रिलीज लेटर) हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात. पण भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर रेराची, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडची, नोंदणी बंधनकारक नसते, हे अशा लहान स्कीमचे ग्राहक क्वचितच विचारात घेतात. बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर, बेसा-पिपळा नगर पंचायतीत असल्याने तक्रारीचे दारही बदलते. मेट्रोचे म्हणाल, तर महालाला चितार ओळ चौकाचे स्थानक जवळ पडते. बेसा गावातून मार्गिका जात नाही.

घरात वृद्ध आईवडील असतील किंवा दुकान इतवारीत असेल, तर मी महालच सुचवेन, तेही आधी वर्षभर भाड्याने राहून. दोघेही नोकरी करणारे असतील आणि त्यातील एकाला विमानतळालगतच्या मिहान या उद्योग-आयटी क्षेत्रात जायचे असेल, तर बेसा सोयीचे आहे. मात्र फ्लॅट पाहायला मे महिन्यात जावे, सचिवांकडे गेल्या वर्षीचे सभेचे इतिवृत्त व टँकरची बिले मागावीत, आणि ती दाखवायला टाळाटाळ झाली तर बयाणा देऊ नये.