डॅशकॅम घेताय? मेगापिक्सेल राहू द्या, स्क्रीन बघा

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या काचेवर बसून रस्त्याचं रेकॉर्डिंग करत राहणारा कॅमेरा. माझा साडेआठ हजारांचा, वर मेमरी कार्डाचे बाराशे, फिटिंगचे पाचशे. मी दातांची डॉक्टर. राहते विश्रामबागेत आणि दवाखाना आष्ट्याला. म्हणजे रोज कृष्णा ओलांडून सांगलीवाडी, कसबे डिग्रज, तुंग करत जायचं आणि रात्री दवाखाना बंद करून त्याच रस्त्याने परत. कॅमेरा दिवाळीच्या आधी बसवला, आता ऊस संपत आलाय. या रस्त्यावर जे काही घडू शकतं ते बहुतेक सगळं त्याच्या कार्डावर येऊन गेलंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आतला माल तोच आणि वरचं नाव वेगळं अशी पाच-सहा मॉडेलं बाजारात आहेत, तेव्हा खालचं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल.

पुढे एक कॅमेरा, मागच्या काचेला एक. पुढच्याला तीन इंची स्क्रीन. ही स्क्रीन लक्षात ठेवा, तिच्यावर पुढे बोलायचंय. कॅमेऱ्यात बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर (वीज साठवणारा, उन्हाला टिकणारा भाग) आहे आणि आपल्याकडे ते बघूनच घ्यावं. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीची काच हात लावू देत नाही. लिथियम बॅटरी तिथे फुगते. हा काही फुगला नाही, पण मागच्या कॅमेऱ्याची चिकटपट्टी उन्हाने सुटली आणि तो वायरला लोंबकळत आष्ट्यापर्यंत आला. नवी पट्टी दुकानदाराने फुकट लावून दिली. फिटिंग करणारा पोरगा सुरुवातीला सरळ वायर कापून जोडायला निघाला होता. तुम्ही शेजारी उभे राहा आणि ‘फ्यूज बॉक्समधूनच घे’ म्हणून सांगा, नाहीतर वायरिंगच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

दिवसा चित्र उत्तम. पुढच्या गाडीचा नंबर स्वच्छ वाचता येतो, अर्थात नंबर वाचण्यासाठी लिहिलेला असेल तर. ४१४१ ला वळणं देऊन ‘दादा’ केलेलं असतं, ८०५५ चा ‘बॉस’ झालेला असतो, आणि काहींच्या पाटीवर नंबर सोडून बाकी सगळं असतं. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. जुन्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यावर हे थोडं कमी झालंय, संपलेलं नाही.

रात्री मात्र निराशा. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारून येतो आणि त्या उजेडात सगळी फ्रेम पांढरी होऊन जाते. आणि ज्याच्यासाठी मी कॅमेरा घेतला त्याचा तर उपयोगच नाही: उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, असलाच तर चिखलाने माखलेला, दोन्ही बाजूंना उसाचे शेंडे बाहेर आलेले, आणि पुढे डेकवर इतकं मोठं गाणं की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. मला जेव्हा दिसतो तेव्हाच कॅमेऱ्याला दिसतो, आधी नाही. डॅशकॅमने अपघात टळतो असं दुकानदार सांगत असेल तर हसून सोडून द्या. तो अपघाताची नोंद ठेवतो, एवढंच.

दोन सेटिंगं पहिल्याच दिवशी बदला. एक म्हणजे धक्का बसला की क्लिप आपोआप कुलूपबंद करणारा जी-सेन्सर. कारखान्यातून तो ‘हाय’वर येतो. आपल्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधक त्याला अपघात वाटतो, कुलूपबंद क्लिप पुसल्या जात नाहीत आणि कार्ड गच्च भरून रेकॉर्डिंग थांबतं. ‘लो’ करा. दुसरं म्हणजे त्याची शहाणपणाची सूचना-यंत्रणा: लेन सोडली की टूं, पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की टूं टूं. ज्याने ही बनवली त्याच्या देशात रस्त्यावर पट्टे असतात आणि लोक त्यांच्या आत राहतात. आपल्याकडे पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्या अंतरात आधी रिक्षा शिरते, मग दोन मोटरसायकली, आणि टूं टूं सुरूच. सांगलीवाडी यायच्या आत मी ती बंद केली. माईकही बंद ठेवलाय. गाडीत आपण सासरच्या माणसांबद्दल काय बोलतो ते कार्डावर राहायची गरज नसते.

आता स्क्रीनचं.

तुंगच्या अलीकडे शेतातून एक वाट रस्त्याला मिळते. तिथून एक पोरगा मोटरसायकल घेऊन उलट्या बाजूने आला, डोक्यावर काही नाही, कानाला मोबाईल. माझा वेग कमी होता, मी ब्रेक लावून उभी राहिले आणि तो येऊन माझ्या बंपरवर आदळला. गुडघा सोलला, बाकी पोरगं धड. दोन मिनिटांत वीस-पंचवीस माणसं गोळा. निकाल त्याच्या आधीच लागलेला: “ओ मॅडम, चारचाकीवाल्यानं बघून चालवायला नको व्हय?” कुणीतरी बाईच्या हातात गाडी दिल्याबद्दल आमच्या ह्यांना जबाबदार धरलं. एकाने औषधपाणी आणि गाडीची दुरुस्ती धरून पाच हजारांचा आकडाही काढला.

मी म्हटलं, “थांबा, रेकॉर्डिंग आहे,” आणि स्क्रीनवर क्लिप लावली.

खिडकीत एकदम सहा डोकी. “आरं बघू बघू.” पहिल्यांदा बघितलं, मग “परत लावा की”, मग मागच्यांसाठी परत. फेटेवाले एक आजोबा म्हणाले, “पोरगं राँग साईडनं आलंय की रं, वर फोन कानाला हाय.” गर्दीचा सूर बदलला. एकाने पोराच्या पाठीत धपाटाही घातला, तो मला आवडला नाही. पोराचा चुलता शेवटी पुढे आला: “व्हिडू बरोबर हाय मॅडम, आमचं काय म्हणणं न्हाय. पण गरिबाचं पोरगं हाय, काहीतरी द्या की.”

मी पोराचा गुडघा धुऊन पट्टी केली, पैसे दिले नाहीत. आष्ट्याला पोचायला उशीर झाला, पण भांडण न होता पोचले. याच प्रसंगावरून माझं मत बनलंय: आपल्याकडे या वस्तूची किंमत ती जागेवर किती लवकर दाखवता येते यावर ठरते. ज्या मॉडेलांना स्क्रीन नाही, सगळं फोनच्या ॲपवर, ती दिसायला छान आणि आरशामागे दडणारी असतात. पण वायफाय जोडून क्लिप उतरवून घेईपर्यंत गर्दीने तुम्हाला दोषी ठरवून पैसे मोजायला लावलेले असतात. याच कॅमेऱ्याचं ॲप इतकं संथ आहे की घरी गेल्यावर तीच क्लिप फोनवर घेईपर्यंत माझा चहा झाला.

जपानमध्ये नागोयाला असलेल्या भाच्याला मी ती क्लिप पाठवली. त्याचा पहिला प्रश्न, “मावशी, पोलिसांना दिलीस ना?” दुसरा, “विमा कंपनीने किती टक्के ठरवले?” तिकडे अपघातात दोघांच्या चुकीची टक्केवारी काढतात, सत्तर-तीस, नव्वद-दहा अशी, आणि त्यावर भरपाई. म्हणून तिकडे क्लिपला मोल आहे. शिवाय जून २०१७ मध्ये तोमेई द्रुतगती मार्गावर एकाने मागे लागून, आडवा येऊन एका कुटुंबाची गाडी भर लेनमध्ये थांबवली. मागून ट्रक आदळला, आई-वडील गेले, दोन मुली वाचल्या. त्यानंतर तिकडे डॅशकॅमचा खप वाढला, आणि ३० जून २०२० पासून असं मुद्दाम अडवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. साधा प्रकार असेल तर तीन वर्षांपर्यंत, मोठा धोका निर्माण केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. भाचा म्हणतो, तिकडे गाडीच्या मागे ‘रेकॉर्डिंग चालू’ असा स्टिकर दिसला की माणूस आपोआप अंतर वाढवतो. मी तसाच मराठीत करून घेतला. आपल्याकडची पोरं तो वाचून आणखी जवळ येतात आणि कॅमेऱ्याला हात करतात.

रशियातली गोष्ट निराळी. तिथे लोक मुद्दाम गाडीपुढे येऊन पडायचे आणि पैसे मागायचे, पोलिसांवर भरवसा कमी, म्हणून बऱ्याच गाड्यांत कॅमेरे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कवर अशनी फुटला तेव्हा जगाने तो बघितला तो या गाड्यांतल्या कॅमेऱ्यांमुळे. वेल्समध्ये पोलीसच ‘ऑपरेशन स्नॅप’ नावाखाली लोकांकडून अशा क्लिपा घेतात आणि त्यावर कारवाई करतात. आणि ऑस्ट्रियात गाडी घेऊन गेलात तर हा कॅमेरा काढून ठेवा, कारण तिथे रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचं सतत चित्रीकरण खासगीपणाच्या कायद्यात अडकतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१८ मध्ये मधला मार्ग काढला: सतत रेकॉर्डिंग नियमात बसत नाही, तरी अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून बघता येईल.

आपल्याकडे कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडलं तर अशी क्लिप कोर्टात चालते. पण कोर्टापर्यंत जातं कोण? आपला न्याय टपरीसमोर होतो आणि त्याचा नियम एकच: गाडी मोठी त्याची चूक मोठी. ट्रक आणि कार असेल तर ट्रकची, कार आणि मोटरसायकल असेल तर कारची, मोटरसायकल आणि सायकल असेल तर मोटरसायकलची.

हा मी आधी अडाणीपणा समजत होते. पण तो निव्वळ अडाणीपणा नाही, कारण नेदरलँड्सच्या कायद्यात याच्या जवळ जाणारं तत्त्व आहे. मोटारीची सायकलवाल्याशी किंवा पायी चालणाऱ्याशी टक्कर झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्यावर, आणि मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर जवळजवळ पूर्णच. ज्याच्या हातात जास्त वजन, त्याने जास्त जपायचं. फरक दोन. तिथे पैसे विमा कंपनी देते, खिडकीत हात घालून कुणी मागत नाही. आणि ती सवलत उलट्या बाजूने मोबाईलवर बोलत येणाऱ्या मोटरसायकलला नाही. आपण तत्त्व तेवढं उचललंय आणि हेल्मेट, बाजू, दिवा हे सगळं पलीकडे ठेवलंय. मोठ्याची चूक ठरलेलीच आहे म्हटल्यावर लहानाने नियम कशाला पाळायचा? मला तुंगच्या पोराचा राग याच कारणाने आला. त्याला आपण चुकलो असं क्लिप बघेपर्यंत वाटलंच नव्हतं, आणि त्याच्या भोवतीच्या कुणालाही नाही.

माझ्या खुर्चीत असे रोज बसतात. पुढचे दोन दात गेलेले, जबड्याला तारा बांधून आलेले, हनुवटीवर टाके. विचारलं की उत्तर ठरलेलं: “जवळच चाललो होतो, डॉक्टर.” केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे, त्यातली ५०,०२९ हेल्मेट नसलेली. जगले-वाचलेले माझ्यासारख्यांकडे येतात आणि रूट कॅनालच्या खर्चात हेल्मेटं किती आली असती याचा हिशोब मी त्यांच्यासमोर मोठ्याने करते. त्यामुळे दोन पेशंट तुटले, पण असू दे.

विम्याचंही सांगून टाकते, कारण दुकानदार ‘क्लेमला उपयोग होतो’ असं म्हणून कॅमेरा विकतो. मी विमा कंपनीला क्लिप पाठवायची का विचारलं तर पलीकडून उत्तर, “व्हिडिओची गरज नाही मॅडम, बंपरचे चार फोटो पाठवा.” स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की चूक कुणाचीही असो, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. बोनस बघितला, बंपरचा खर्च बघितला, आणि खिशातून भरले. मामला मोठा असता, कुणाला गंभीर लागलं असतं आणि पोलीस केस झाली असती, तर क्लिप कामाला आली असती हे खरं. तेवढ्यासाठी तरी पैसे वाया गेले म्हणणार नाही.

मग घ्यावा का? रोज हायवेवर किंवा उसाच्या पट्ट्यात गाडी चालवत असाल, आणि विशेषतः बाई एकटी चालवत असेल, तर नक्की घ्या. गावातल्या गावात दूध-भाजीला गाडी काढत असाल तर नको. मागचा कॅमेरा असलेलाच घ्या, मागून ठोकणाऱ्यांची संख्या पुढून येणाऱ्यांपेक्षा कमी नाही. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं, साधं मोबाईलचं नको, ते सतत लिहून-पुसून लवकर जातं. महिन्यातून एकदा फॉरमॅट करायचं. रात्रीच्या चित्राला पाचपैकी दोन, दिवसाला साडेचार, ॲपला एक, स्क्रीनला पाच. पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही चालणारं रेकॉर्डिंग, बंद ठेवा, चार दिवस गाडी उभी राहिली की गाडीची बॅटरी बसते.

स्टिकर मी चुंबकाचा केला होता. तो परवा आष्ट्याच्या बाजारात कुणीतरी काढून नेला. मागचा कॅमेरा गाडी बंद असल्यामुळे बंद होता.